तारखेचा रकाना

देशाची तिजोरी रिकामी झाल्याचं रेडिओवर सांगितलं, तो मंगळवार होता. संध्याकाळपर्यंत सरकारी जागा कमी केल्याचा हुकूम आला. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत माणसं दोनच, निबंधक आणि त्यांच्या मदतनीस बाई. बाईंची जागा गेली. बुधवारी दुपारी निबंधकांची बायको गेली.

आठवड्याने ते कामावर आले, तर रांग फाटकाबाहेर गेलेली.

"मेलं तरी रांग काही सुटत नाही," एक म्हातारा म्हणाला.

"साहेबांच्या घरचा दाखला निघाला असेल की आधीच!" मागून टोमणा आला.

निघाला नव्हता. घरच्या माणसाची नोंद आपल्या हाताने करायची नाही, ती दुसऱ्याने करायची, असा नियम होता. आणि दुसरं कुणी उरलंच नव्हतं. त्यांनी वर पत्र पाठवलं. उत्तर आलं, 'नोंद आपल्या मदतनिसाकडून करून घ्यावी.'

घरी मुलगी माहेरी आलेली, तिचीही नोकरी गेली होती. पदरी दोन लेकरं. बायको शाळेत गाणं शिकवायची. तिचं अर्धं पेन्शन घराला मिळायचं होतं, पण महिनाअखेरीच्या आत दाखला जोडला तरच. नंतरचे अर्ज सरकार घेणार नव्हतं.

एका संध्याकाळी बाई घरी आल्या.

"साहेब, रागावू नका. मंगळवारपर्यंत माझी सही चालत होती. वहिनी मंगळवारी गेल्या असं लिहू. खाली त्याच तारखेची सही मी करते."

"आणि डॉक्टर?"

"आले कुठे होते डॉक्टर? कुणाला पत्ता लागणार आहे?"

"बाबा, एका दिवसाने काय बिघडतं?" मुलगी म्हणाली. "पोरांच्या तोंडाकडे तरी बघा."

इकडे आड, तिकडे विहीर. ते हो म्हणाले.

सकाळी बाई मागच्या दाराने कचेरीत आल्या. निबंधकांनी रजिस्टर पुढे सरकवलं. बाईंनी नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. मग पेन थांबवून विचारलं, "लिहू ना?"

बाहेर रस्त्यावरून मोर्चा चालला होता. बुधवारी सकाळीही असाच गेला होता. बायकोने तेव्हा उशीला टेकवून खिडकीपाशी बसवायला सांगितलं होतं. थोडा वेळ घोषणा ऐकल्या आणि म्हणाली, "अहो, राग खरा आहे त्यांचा, पण ताल नाही. खाली न्या मला, दोन मिनिटांत सुधारते." आणि चौकटीवर बोटाने ठेका धरला होता. महिन्याभरात पहिल्यांदा दोघं हसले होते. ते हसणं मंगळवारी नव्हतं झालं.

"बाई," ते म्हणाले, "बुधवारी ती बोलली हो माझ्याशी."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. आल्या तशा मागच्या दाराने गेल्या.

"अहो साहेब, जागे आहात का?" खिडकीतून म्हातारा ओरडला.

निबंधकांनी त्याचा कागद हातात घेतला. संध्याकाळी मुलीने दारातच विचारलं, "झालं का?" त्यांनी चपला काढल्या आणि आत गेले.

महिना संपायला चार दिवस आहेत. नाव, वय, पत्ता लिहून झालं आहे. तारीख लिहायची राहिली आहे.