गोजराच्या तोंडची ओवी

तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी सेवा क्लबने शोकसभा ठेवली. वाशीच्या सोसायटीचा हॉल, टेबलावर रावसाहेबांचा फोटो. कोटाच्या एका बाजूला ब्रह्मदेशच्या लढाईची पदकं, दुसऱ्या बाजूला क्लबचा निळा बिल्ला. पहिल्या रांगेत बसवलेल्या बायजाबाईंच्या डोळ्यांत तो बिल्ला सलत होता.

चौऱ्याऐंशी वर्षं जगलेला माणूस. त्यातली बासष्ट त्यांच्या संसारात गेली, पण दर गुरुवारी संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो या लोकांकडे निघायचा, तो जणू सासुरवाडीला निघाल्यासारखा.

क्लबचे अध्यक्ष जयप्रकाश उठले. "रावसाहेब आजोबा सांगायचे, जंगलात अकरा दिवस बांबूच्या कोंबांवर काढले."

बायजाबाई सुनेकडे कलल्या. "वैजयंते, तुला ठावं व्हतं?"

"नाही हो, आत्या."

"मला बी न्हाई. भाकरी मी वाढली, आन् गोष्टी यांच्या ताटात."

मग क्लबातले नामदेव बोलले. जखमी दोस्ताला पाठीवर घेऊन रावसाहेबांनी नदी ओलांडली, पलीकडे पोचेस्तोवर तो पाठीवरच गेला होता. बायजाबाईंनी पदर तोंडाशी नेला. लोकांना वाटलं, रडतायत. ती पाठ त्यांनी किती वर्षं तेल लावून चोळली होती. पाठीने कधी अवाक्षर काढलं नव्हतं. लढाईवरून आले त्या वर्षीच त्यांनी विचारलं होतं, तर म्हणाले, "त्यात काय सांगायचं?" आणि कूस बदलली.

निदान एक तरी गोष्ट असावी, जी या माणसांना ठाऊक नाही. एवढंच त्यांना हवं होतं.

शेवटी शिरवणे गावची गोजरा उभी राहिली. क्लबच्या शिबिरात तिचा मोतीबिंदू काढला, तेव्हा ही बाई एकटी म्हणून रावसाहेब महिनाभर रोज बसने जाऊन तिच्या डोळ्यांत औषध घालायचे. त्या महिन्यात बायजाबाईंनी आमटीत मीठ कमी-जास्त करून पाहिलं होतं. म्हाताऱ्याच्या लक्षातही आलं नाही.

"माना भाषन येत नाय," गोजरा म्हणाली. "बाबा थेंब घालताना एक गाना म्हनायचं, तो म्हनतंय."

*सरलं माझं दळण, पसा ठेवला सुपात*
*सखा माझा शिपाई परमुलखाच्या तापात*

बायजाबाईंचे कान तापले. ही त्यांची ओवी होती. पलटणीतून नवरा रजेवर यायचा, तेव्हाही पहाटे जात्यावर त्या हीच म्हणायच्या. हळू, तो झोपलाय असं समजून. सख्ख्या जावेलाही कधी ऐकवली नव्हती. आता ती शिरवण्याला पोचली होती, तीही तिकडे लग्नात गातात त्या धवल्याच्या चालीवर.

सभा संपताच त्यांनी गोजराला दाराशी गाठलं. "ती ओवी माझी हाय."

"हाय ना. बाबाच बोललं, माज्या बायकोची म्हनून."

"मग मला का न्हाई बोललं?"

"मी इचारलं व्हतं. तं बोललं, मी जागा असतंय असं कललं तं ती लाजंल, म्हनंलच नाय. मंग गावात पिठाची गिरनी आली, जातंच गेला. बोलाचं ऱ्हाऊन गेलं. पन तुमची अर्दीच हाय. पुढचा बाबांचा हाय. पल्टनीत जोडलेला."

बायजाबाईंनी भिंतीला हात टेकला. "म्हण."

*नको दारी दिवा लावू, जातं फिरतं राहू दे*
*घरघरीच्या मागं मागं मला घरी येऊ दे*

"पुन्यांदा. हळू. माझ्या चालीवर म्हण."

त्यांनी चाल गुणगुणून दाखवली. गोजराने पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी बायजाबाईंचे ओठ बरोबर हलत होते, आणि चौथ्या वेळी त्यांनी हाताने तिला थांबवून एकटीनेच म्हटलं. शेवटच्या शब्दावर आवाज चिरला, तरी त्यांनी तो पुरा केला.

वैजयंती रिक्षा थांबवून हाका मारत होती. बायजाबाईंनी डोळे पुसले, गोजराचं मनगट घट्ट धरलं.

"पाठ झालं मला. आता तू इसर."

"असा कसा इसरू, आये?"

"ते मला ठावं न्हाई. इसर."