पूजेतून उचललेली रायफल

पाटावर नऊ वस्तू होत्या. छाटणीच्या कात्र्या तीन, करवत एक, पाना एक, ठिबकच्या नळीला भोक पाडायचा पंच एक, शैलामावशीचा स्टेथोस्कोप, माझं फळमाश्या बघायचं भिंग आणि सर्वांत पुढे, घडी घातलेल्या पंच्यावर, पद्माकरकाकांची रायफल. प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लावलेलं. झेंडू मिळाला नव्हता, म्हणून अंगणातला चाफा.

घरात आम्ही चौघं होतो. तीन जणांची अवजारं पाटावर होती. तनयचं काही नव्हतं.

"लॅपटॉप आण ना रे," मावशी म्हणाली.

"आय डोन्ट यूज इट, आई," तो म्हणाला आणि सोफ्यावर जाऊन बसला.

ऑस्ट्रेलियात डार्विनपासून पाऊण तासावर काका-मावशींची आंब्याची बाग आहे. काका मूळचे साताऱ्याकडचे. गॅस प्लांटमधली इंजिनिअरची नोकरी सोडून त्यांनी ही बाग घेतली. मावशी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. मी तिची भाची. फळमाश्यांवर काम करायला इकडे आले आणि त्यांच्याच घरी राहू लागले. तनय त्यांचा मुलगा, माझ्याहून एक वर्षाने लहान. सिडनीत गिरावीनला मित्रांबरोबर राहून आयटीत काम करत होता. ऑगस्टमध्ये काम सुटलं, त्याआधी लग्न ठरलेलं मोडलं, आणि तो दोन बॅगा घेऊन घरी परत आला.

रायफल डुकरांसाठी होती. रानडुकरं झाडांची मुळं उकरतात, ठिबकच्या नळ्या चावून तोडतात. इथे हौस म्हणून किंवा स्वसंरक्षणासाठी म्हणून परवाना मिळत नाही, पटेल असं कारण दाखवावं लागतं, आणि वापरात नसलेली बंदूक कुलपात ठेवावी लागते. काकांना या सगळ्याचा अभिमान होता. "साताऱ्यात मामाकडे बंदूक होती ती ओळखीवर. मला मिळाली ती परीक्षा देऊन," असं ते पाहुण्यांना सांगत. एरवी त्यांची बंदुकीची सेफ कधी उघडी दिसली नाही.

पण आज खंडेनवमी होती. नवमीला शस्त्रं-अवजारं पूजेत मांडायची, आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत ती जागेवरून हलवायची नाहीत. म्हणजे रायफल उद्या सकाळपर्यंत बैठकीच्या खोलीत, पाटावर.

"काका, ही सेफमध्ये ठेवून सेफच्या दाराला कुंकू लावलं तर?" मी विचारलं.

"शास्त्रज्ञबाई, तुम्ही गणपतीची पूजा कपाटाच्या दाराला करता का?"

"पण नियम—"

"अगं, रिकामी आहे. गोळ्या वेगळ्या कुलपात. आणि पोलीस काय खंडेनवमीला प्रसादाला येणारेत? आले तर देऊ की शिरा." काका हसले, टोपी घालून बागेत गेले. तोडणीचा हंगाम ऐन भरात होता, शेडमध्ये माणसं खोळंबली होती.

गोळ्यांच्या कुलपाची किल्ली देव्हाऱ्याखालच्या खणात असते, हे घरातल्या चौघांनाही ठाऊक होतं.

मावशी उकाड्यामुळे पुन्हा आंघोळीला गेली. मी जेवणाच्या टेबलावर सापळ्यांतल्या माश्या वेगळ्या करत बसले. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की तनय टीव्हीकडे बघतच नाहीये. एक विकेट पडली, लोक ओरडले, तरी त्याची मान वळली नाही. तो पाटाकडे बघत होता.

मग मागच्या महिन्यातल्या काही गोष्टी मला एकेक करून आठवल्या. त्याने स्वतःची बॅट आणि पॅड्स शेजारच्या प्रतापकाकांच्या सोहमला देऊन टाकले होते. हेडफोन मला दिले होते, "ठेव, मला लागत नाहीत" म्हणून. चांगले, महागाचे हेडफोन. मी थँक्स म्हणून घेतलेही होते. त्याचं जेवण निम्म्यावर आलं होतं. यातल्या प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण असू शकतं. पण सगळ्या मिळून एकाच दिशेला जात होत्या.

कामावरच्या प्रथमोपचाराच्या कोर्समध्ये आम्हाला एक गोष्ट शिकवली होती. शंका आली तर सरळ विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही. तेव्हा मी ते वाक्य लिहून घेतलं होतं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले होते.

मी टीव्ही बंद केला, त्याच्याशेजारी जाऊन बसले.

"तनय, तू जीव द्यायचा विचार करतोयस का?"

तो एकदम हसला. "काय गं, काहीही."

पंखा फिरत होता. बाथरूममध्ये पाण्याचा आवाज येत होता.

"सगळा वेळ नाही," मग तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "मोस्ट डेज."

"आज?"

त्याने हनुवटीने पाटाकडे खूण केली. "ती तिथे नको, मैथिली. सेफमध्ये पण नको. बाबांना मी नाही सांगू शकत. ते दहा दिवस ती पुसतायत या पूजेसाठी."

"मी सांगते. तू इथेच थांबशील?"

"आय विल."

"प्रॉमिस वगैरे नको. मावशी येईपर्यंत मी पण इथेच बसते."

मावशी केस पुसत बाहेर आली. आम्हा दोघांना तसं बसलेलं पाहून तिचा हात थांबला. मी सांगायला सुरुवात केली, पण पुढचं तनयनेच सांगितलं, इंग्रजीत, खाली बघून. मावशी त्याच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि त्याचं डोकं तिने खांद्यावर ओढून घेतलं. "वॉर्डात लोकांची पोरं बघते रोज," ती म्हणाली. नंतर माझ्याकडे बघून, "जा, ह्यांना घेऊन ये."

काका शेडमध्ये आंब्यांच्या पेट्या मोजत होते. मला बघून म्हणाले, "काय, आले का पोलीस?"

"काका, रायफल घराबाहेर न्यायला हवी. आत्ता."

"परत तेच! अगं, मांडलेली पूजा हलवत नाहीत. आणि परवाना माझा, बंदूक माझी. मी इतकी वर्षं एक नियम चुकवला नाही. एक दिवस देवापुढे ठेवली तर एवढं काय?"

"तुमच्या परवान्याबद्दल मी बोलतच नाहीये. तनयबद्दल बोलतेय." मी त्याचे शब्द होते तसे सांगितले. एकही वाढवला नाही, एकही कमी केला नाही.

काकांनी हातातला आंबा पेटीत ठेवला. मग पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. "मला वाटलं उकाड्याने जेवत नाही," ते म्हणाले.

घरापर्यंत ते माझ्यापुढे चालत होते, जवळजवळ पळतच. आत आले ते सरळ तनयपाशी. उभ्यानेच म्हणाले, "भूक लागलीय का रे?"

"बाबा, आय अॅम सॉरी. पूजा—"

"पूजेला काय झालंय? शैला, अक्षता कुठायत?"

"ताटलीत. अहो, सुतक आलं तर मांडलेलं हलवतोच ना आपण? टाका अक्षता."

"सुतकाचं नाव काढू नकोस." काका म्हणाले. त्यांनी चिमूटभर अक्षता रायफलीवर टाकल्या आणि सवयीने म्हणू लागले, "पुनरागमनाय—"

"ते म्हणायलाच पाहिजे का?" मावशी म्हणाली.

"म्हणू दे त्यांना," तनय म्हणाला. "जस्ट... घाई नाही म्हणा."

आम्ही चौघेही हसलो. काका हसता हसता रडत होते. त्यांनी रायफल उचलून तिच्या पेटीत कुलूपबंद केली. बाकीच्या आठ वस्तू पाटावर तशाच राहिल्या. गोळ्यांचा डबाही आम्ही बरोबर घेतला.

मावशी तनयजवळ थांबली आणि तिने डॉक्टरांना फोन लावला. मी काकांबरोबर पामरस्टनला गेले. तिथे डॅरिल नावाचा परवानाधारक बंदूकविक्रेता आहे, तो लोकांच्या बंदुका सांभाळायलाही ठेवतो. वाटेत काका फक्त एकदाच बोलले. "कुणी म्हणालं असतं, सरकार काढून घेतंय, तर मी भांडलो असतो, मैथिली. माझी आहे म्हणूनच ती कुठे राहील ते मी ठरवणार ना?"

डॅरिलने पेटी उघडली, दस्त्यावर बोट फिरवलं आणि लाल झालेलं बोट बघितलं. "मेट, हा गंज नाही ना?"

"कुंकू आहे. देवाचं."

"नो वरीज. पुसू?"

"राहू दे."

"किती दिवस ठेवायची?"

"मुलगा घरी आहे. त्याची तब्येत बरी नाही. तो सांगेल तोपर्यंत."

डॅरिलने पेन खाली ठेवलं, काउंटरच्या बाहेर आला आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "या कारणासाठी येणारे तुम्ही पहिले नाही. गुड ऑन यू." इतकंच. एकही जादा प्रश्न नाही, कसली कीव नाही. त्या माणसाचं नाव घेतलं की मला आजही बरं वाटतं.

बरं वाटायला कारणं पुष्कळ आहेत. तनयने खरं उत्तर दिलं. तो नाही म्हणाला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. काकांनी ज्या पूजेसाठी सकाळी माझी थट्टा केली, तीच पूजा दुपारी स्वतःच्या हाताने मोडली. आणि बंदूक कुलपात हवी असा नियम होता, म्हणूनच मला सकाळी त्या पाटाकडे बघून शंका घेता आली. नाहीतर काकांच्या घरात काकांची वस्तू कुठे असावी हे बोलणारी मी कोण? ऑस्ट्रेलियात बंदुकीने जे मरतात, त्यांत दुसऱ्याने मारलेल्यांपेक्षा स्वतःला मारणारे जास्त असतात. हे मी नंतर वाचलं. तेव्हा मला एवढंच दिसलं होतं, की क्रिकेट चालू आहे आणि तो बघत नाहीये.

डुकरांनी त्या हंगामात बागेचा खालचा कोपरा उकरून काढला. काका चिडले, तरी रायफलीचं नाव त्यांनी काढलं नाही. प्रतापकाकांकडे त्यांचा स्वतःचा परवाना आहे. काकांनी त्यांना बागेत यायची लेखी परवानगी दिली, आणि ते आठवड्यातून एकदा स्वतःची बंदूक घेऊन येत आणि काम झालं की घेऊन जात. "माझी डुकरं, मारतो हा, आणि चहाही पितो माझाच," असं काका त्यांच्या तोंडावर म्हणत. प्रतापकाका म्हणत, "साखर कमी होती."

दर पंधरा दिवसांनी तनय डॉक्टरकडे जायचा, मधल्या आठवड्यात एका समुपदेशक बाईंकडे. सुरुवातीला मावशी गाडीने न्यायची. पावसाळा लागल्यावर तो स्वतः चालवायला लागला. जानेवारीत त्याने ठिबकच्या टाकीला पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर बसवला आणि त्यासाठी लॅपटॉप उघडला. तो सेन्सर दोनदा चुकला, त्यावरून काका आणि तो जेवताना भांडले. दोघांनीही दुसऱ्यांदा भात घेतला. मावशीने माझ्याकडे बघून डोळे मिटले आणि उघडले.

हेडफोन मी परत दिले. त्याने ते घेतले.

रायफल अजून डॅरिलकडेच आहे. काकांनी एकदा विचारलं, "काय रे, आणू का?" तनय म्हणाला, "नॉट येट." काका म्हणाले, "बरं." आणि पुढ्यातला पापड मोडला.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तनय डॉक्टरकडून आला आणि मी सापळे धूत होते तिथे येऊन उभा राहिला. "तुला आकडे आवडतात म्हणून सांगतो," तो म्हणाला. दहा प्रश्नांची एक चाचणी असते. मागच्या चार आठवड्यांत किती वेळा हताश वाटलं, किती वेळा काहीच करू नये असं वाटलं, असं विचारतात. सर्वांत कमी त्रास म्हणजे दहा, सर्वांत जास्त म्हणजे पन्नास. दसऱ्याच्या दिवशी डॉक्टरांनी ती पहिल्यांदा घेतली होती, आज पुन्हा घेतली.

पहिल्यांदा एकोणचाळीस होते. आज एकोणीस.