शरणप्पांची पुनव

मुखेडच्या शाळेत कारकुनी करणाऱ्या शरणप्पांना पुनव बाधते, हे यशोदाबाईंना अंगाची हळद निघायच्या आत सांगण्यात आलं होतं. सांगितलं सासूनं, अगदी मायेनं. "माझं लेकरू गुणाचं हाय बघ. फकस्त पुनवेला त्याच्या तोंडाला तोंड देऊ नको. चांद चढला की त्याचं डोस्कं चढतंय." एवढं सोडलं तर मुलात खोट नव्हती, आणि पगार महिन्याच्या महिन्याला होता.

तेव्हापासून दर पुनवेला शरणप्पांचं डोकं नेमानं चढत आलं. ताट भिंतीवर जायचं, यशोदाबाईंच्या माहेरची माणसं एकेक करून उकरली जायची, आणि सकाळी ते म्हणायचे, "राती काय झालं, मला कायबी याद न्हाई." यशोदाबाईंना याद असायचं. भिंत त्यांनाच पुसावी लागे.

या दुखण्याला काही समज मात्र होती. पुनव शाळेच्या दिवशी आली तरी मुख्याध्यापकांपुढे शरणप्पा 'हो सर' म्हणत. टीव्हीला चंद्रानं कधी हात लावला नाही. फेकलं जायचं ते स्टीलचंच. काचेचे कप फळीवर सुखरूप होते. यशोदाबाईंनी याचाही अर्थ लावून ठेवला होता. शाळा दिवसाची असते, चांद सांजच्याला निघतो. माणसाला विश्वास ठेवायचाच असला की असले अर्थ घरबसल्या सापडतात.

उतारा म्हणून, सासू धरायची तसाच, त्या दर पुनवेला उपास धरत. सकाळी साबुदाणा भिजवायचा, संध्याकाळी खिचडी, आणि देवापुढं एकच मागणं, आज ह्यांचं डोकं शांत राहू दे. देवानं ते एकदाही ऐकलं नव्हतं. यशोदाबाईंनी उपास काही सोडला नव्हता.

एकुलती लेक ज्ञानेश्वरी या अर्थांना बधली नाही. तिला लातूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात पुनव आली, आणि बापानं तिची बॅग अंगणात भिरकावली. पोरीनं पुढं शिकू नये, असं चंद्राचं मत पडलं. सकाळी शरणप्पांना बॅग आठवेना; मत मात्र पक्कं आठवत होतं.

"आई, चंद्राला नेमकी माझीच बॅग कशी दिसली गं?"

"बापाच्या दुखण्याला हसतीस? लाज वाटत न्हाई?"

ज्ञानेश्वरी मामाकडं लातूरला निघून गेली, शिकली, तिथंच एका दवाखान्यात लागली. फोन यायचा. जेवलीस का, जेवले, ठेवते. चांदापायी लेक अशी फोनापुरती उरली. आजारी माणसाला आपण सोडलं नाही, या समाधानावर यशोदाबाई दिवस काढत होत्या.

यंदा डॉक्टरांनी त्यांना साखरेचा आजार असल्याचं सांगितलं आणि उपाशी राहायचं नाही, अशी तंबी दिली. पुनव आली. साबुदाणा भिजला नाही. यशोदाबाई दिवसभर जीव मुठीत धरून होत्या. पाण्याच्या टाकीमागून भला मोठा चांद वर आला. शरणप्पांनी भाकरीवर ठेचा मागून घेतला, टीव्हीवरच्या एका पुढाऱ्याला हसले आणि झोपले.

"काल ह्ये शांत होते, भाबी," दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या रहमतबींना गडग्यावरून सांगितलं. "एवढ्या वर्षांनी देव पावला."

"उपास छोडे बाद?" रहमतबी म्हणाल्या. "भूखी थी तब क्या कर रहा था?"

यशोदाबाई याचा अर्थ लावत घरात आल्या.

डब्यातल्या उरलेल्या साबुदाण्याला कीड लागायला आली. टाकवेना, म्हणून अवसेच्या आदल्या दिवशी त्यांनी तो निवडून भिजवला आणि संध्याकाळी दोघांपुरती खिचडी केली. शरणप्पा शाळेतून आले, हातपाय धुतले, जेवायला बसले, ताटाकडं पाहिलं. पुढचं यशोदाबाईंना पहिल्यांदाच नीट दिसलं, कारण आज त्या घाबरलेल्या नव्हत्या. शरणप्पांनी आधी शर्टाच्या बाह्या सारल्या. पाण्याचा तांब्या लवंडू नये म्हणून बाजूला ठेवला. मग भुवया आवळल्या, आणि मग त्यांचं डोकं चढलं. खिचडी भिंतीवर गेली. तिच्यामागून यशोदाबाईंचे वडील निघाले, मग थोरला भाऊ.

"अहो," यशोदाबाई म्हणाल्या, "आज पुनव न्हाई."

शरणप्पा भावाच्या अर्ध्यावर थांबले. "न्हाई?"

"उद्या अवस हाय."

"मग खिचडी कशाला केलीस?"

आपण काय बोललो, हे शरणप्पांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. यशोदाबाईंच्या ध्यानात आलं होतं. इतक्या वर्षांत या माणसानं आभाळाकडं मान वर करून पाहिलंच नव्हतं. तो त्यांच्या पातेल्यात बघत होता. त्याचं डोकं शांत राहावं म्हणून धरलेला उपासच त्याला सांगत होता, की आज चढायचं आहे.

"आधी सांगायचं तरी," शरणप्पा म्हणाले. आवाज दुखावलेला होता.

यशोदाबाई मोबाईल घेऊन अंगणात गेल्या.

"बोल आई, ड्युटीवर आहे."

"ग्यानू, तुझ्या बापाला पुनवबिनव कायबी बाधत न्हाई."

"ते मला तेव्हाच ठाऊक होतं."

"मला न्हवतं गं."

पलीकडं कुणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाक मारत होतं. ज्ञानेश्वरीनं ओ दिली नाही.

"खरंच नव्हतं? मला वाटायचं, तुला सगळं ठाऊक आहे आणि तू त्यांना झाकून राहिलीस. म्हणून तर मी तुझ्याशी धड बोलत नव्हते, आई. त्यांच्याशी काय बोलायचं होतं?"

यशोदाबाई पायरीवर बसल्या. नवऱ्यानं फसवलं ते फसवलंच. पण लेकीच्या लेखी त्या इतके दिवस फसवणाऱ्यांत मोडत होत्या, आणि नवऱ्याच्या ते पथ्यावर पडलं होतं.

"तिकडं येऊ का?"

"ये. पण त्यांची बाजू मांडायची असेल तर येऊ नको."

"त्यांची बाजू भिंतीला चिकटून हाय," यशोदाबाई म्हणाल्या.

लातूरची गाडी अजून मिळण्यासारखी होती. त्यांनी दोन लुगडी आणि साखरेच्या गोळ्या पिशवीत घातल्या.

"आन ही भिंत कोन पुसायची?" शरणप्पांनी विचारलं.

यशोदाबाईंनी चपला घातल्या. शरणप्पा दारात येऊन उभे राहिले. आता आपल्याला राग यायला हवा, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण तो कशामुळं आला म्हणायचं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.