तपासणीची बाटली

विहिरीच्या पाण्यावर सॉफ्टनर बसवला तेव्हा सून हरखून गेली होती. नळांवर पांढरा थर धरेना, साबणाला फेस यायला लागला. पण महिना गेला आणि तिच्या धाकटीचं पोट बिघडलं. औषधाने थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. शेवटी तिने सॉफ्टनरवाल्याला फोन केला.

"ताई, हे मशीन फक्त क्षार काढतं," तो म्हणाला. "जंतू नाही काढत."

तिने चरफडत फोन ठेवला. मेल्याला विकताना हे सांगायला काय झालं होतं?

तिने प्रयोगशाळेतून बाटली आणली आणि कामावर जाताना सासूबाईंना बजावलं, "त्यांचा माणूस येईल, त्याला विहिरीचं पाणी भरून द्या." अहवाल येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला होता. आज तो आला. पाण्यात जंतू नव्हते.

"सुटले बाई!" ती मटकन खुर्चीत बसली. धाकटीने नळाखाली पेला धरला, तिने अडवलं नाही.

सासूबाई मात्र फुरंगटल्या. "चांगलंच निघणार! परक्याच्या हाती आपल्या घरचं पाणी द्यायचं, तर कच्चं कसं देणार? नावं नाही का ठेवणार लोक? चांगलं खळखळून उकळलं, गाळलं, गार केलं, मग भरलं."

सून धडपडत उठली, तोवर पेला रिकामा झाला होता.

"आई, अजून," धाकटी म्हणाली.