कारण : कचेरीची चूक

तांबट आडनावाची सहाशे अकरा घरं साहेबांच्या पुतणीने शोधून काढली. आडनावाचं पुस्तक लिहायचं म्हणून चार वर्षं ती त्याच्या मागे होती. मतदारयाद्या, टेलिफोनच्या जुन्या वह्या, लग्नपत्रिका, कॉलेजांचे निकाल, स्मशानातल्या नोंदी, काही सोडलं नाही तिने. शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे नकाशाची हौस. ज्या गावात तांबट, तिथे लाल ठिपका. आधी ठिपके नदीकाठच्या बाजारगावांत होते, जिथे तांबं होडीतून यायचं. मग रेल्वेच्या रुळांवरून पसरले, मग समुद्र ओलांडून गेले. दातांचा डॉक्टर तांबट, विमान चालवणारी तांबट, एक तर बर्फाच्या देशात गाई पाळणारा तांबट. पत्रांना उत्तरं झकास यायची. ‘आम्हाला आमच्या आडनावाचा फार अभिमान आहे.’ असणारच. अभिमानाला घाम लागत नाही.

या सहाशे अकरांत अजून तांबं ठोकणारी घरं किती? तीन.

आणि ज्या गल्लीतून हे आडनाव निघालं म्हणतात, तिथे आज चौदा दुकानं, त्यांतल्या तेरांत ठोकणारे हात भलत्याच आडनावांचे. शेतं सोडून आलेले, गिरणी बंद पडलेले, पोट घेऊन आलेले. ते तांबट नाहीत, फक्त तांबटाचं काम करतात. चौदावं दुकान पुतणीच्या बापाचं.

आडनाव कुठून आलं, याचीही घरात एक गोष्ट होती. गावाच्या वेशीवर कुणीतरी कारकून बसला असेल, येणाऱ्याला विचारत असेल, ‘कोण रे तू?’ आणि डोक्यावर हंडे घेतलेला घरातला कुणी खापरपणजा घाईघाईत म्हणाला असेल, ‘तांबट.’ झालं, लिहिलं गेलं. खरं-खोटं देव जाणे. पण पुतणीने पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘आडनाव म्हणजे कारकुनाच्या प्रश्नाला दिलेलं घाईचं उत्तर.’

हे वाक्य साहेबांना फार आवडलं. साहेब म्हणजे पुतणीचे मोठे काका. अडतीस वर्षं एका मोठ्या कचेरीत काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना साहेब म्हणायची, निम्मी आदराने, निम्मी टोमण्याने. पुस्तकाची कच्ची प्रत पुतणीने त्यांच्याकडे तपासायला पाठवली होती, कारण साहेबांची नजर म्हणजे चाळण. स्वल्पविरामसुद्धा सुटायचा नाही. टेबलावर तांबडी पेन्सिल घेऊन ते मोठ्या ऐटीत बसले. एकशे चाळिसाव्या पानापर्यंत ऐट टिकली.

त्या पानावर यादी होती. ‘आडनाव बदललेली घरं आणि कारण.’ एकूण तेवीस. कुणी दत्तक गेलेला, कुणी धर्म बदललेला, कुणी सिनेमात शिरलेला. सतरावी ओळ साहेबांची.

‘कारण : कचेरीची चूक. (आजोबांनी सांगितल्याप्रमाणे.)’

आणि खाली, ओळीला पुरावा म्हणून, पुतणीने एका अर्जाचं चित्र छापलं होतं. आजोबांच्या पेटीत सापडलेला. लिहून दिलेला दुसऱ्या कुणी, सही मात्र म्हाताऱ्याची, हातोडीसारखी जड, कागद फाडणारी. ‘माझ्या थोरल्या मुलाचे आडनाव आपल्या कार्यालयात चुकून बदलले गेले आहे. मुलगा नवा असल्याने बोलू शकत नाही. तरी कृपा करून ते परत द्यावे.’

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

चूक-बिक काही नव्हती. तेविसाव्या वर्षी, नोकरी लागून तीन महिने झाले असताना, कचेरीतल्या गळक्या पिंपाकडे बोट दाखवून कुणीतरी म्हणालं होतं, ‘अरे, आपल्याकडे घरचा तांबट असताना बाहेरून माणूस कशाला?’ सगळे हसले. साहेबही हसले. आणि दुसऱ्या आठवड्यात गुपचूप जाऊन रीतसर प्रतिज्ञापत्र करून आले. नवं आडनाव गुळगुळीत घेतलं. त्याला घामाचा वास नव्हता, ठोक्याचा आवाज नव्हता, अर्थही नव्हता. घरी काय सांगायचं? बापाला सांगितलं, ‘अण्णा, कचेरीत चुकून दुसरंच लागलं. आता बदलता येत नाही.’ एवढंच. खोटं बोलायला काही छाती लागत नाही, समोरचा भोळा असला की झालं.

अण्णा भोळे होते. नवं धोतर नेसून ते कचेरीत अर्ज घेऊन गेले. एकदा नाही, सात वेळा. एकदा खिडकीपाशी उभे असलेले साहेबांना दिसले, तेव्हा साहेब जुन्या फायलींच्या खोलीत गेले आणि दुपारच्या सुट्टीची घंटा होईपर्यंत बाहेर आले नाहीत. आता म्हातारा जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती, आणि त्याच्या तोंडी हे वाक्य सहाशे अकरा घरांत छापून जाणार होतं.

साहेबांनी पुतणीला फोन लावला. खरं सांगायला नाही. माणूस पन्नास वर्षं ज्या वाटेने पळतो, तीच वाट आधी धरतो.

“सतरावी ओळ काढून टाक.”

“का हो काका?”

“उगाच. आमचं काय एवढं.”

“मला नाही काढता येणार. ती ओळ बाबांनी सांगितली. घरातलं एवढं एकच त्यांनी आपणहून सांगितलं. तुम्ही त्यांच्याशी बोला. सोमवारी छापायला जातंय हं.”

बाबांशी बोला. म्हणायला सोपं. धाकटा भाऊ बहिरा होता. जन्माने नाही, धंद्याने. पन्नास वर्षं हंड्याच्या पोटात ठोके घालायचे, रोज आठ-आठ तास, म्हणजे कान राहतात होय? गल्लीतले सगळे म्हातारे तसेच. तांबटांच्या घरात कुणी हळू बोलतच नाही, मीठ मागितलं तरी शेजाऱ्याला कळतं. साहेबांनी मात्र मोठा आवाजही आडनावाबरोबरच टाकला होता. कचेरीत कमावलेला त्यांचा तो मऊ, खालच्या पट्टीतला स्वर. बायको म्हणायची, तुम्ही बोलता की कागद चाळवता तेच कळत नाही.

शनिवारी सकाळी साहेब गल्लीत गेले. आवाज दोन वळणं आधीच सुरू झाला. दुकान तेच, आठ पावलं खोल, भिंती काजळलेल्या. भट्टीपाशी लालभडक तापवून पाण्यात बुडवलेले पत्रे रांगेत. तांबं ठोकलं की ताठ होतं, मग पुन्हा तापवून मऊ करावं लागतं, नाहीतर चिरतं. धाकटा जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर एक घागर चढवून तिला मठारत होता, म्हणजे अंगावर एकाशेजारी एक, एकसारखे ठोके बसवत होता. डावा हात घागर फिरवतो, उजवा मोजून पडतो. पुतणी मागच्या बाकावर कागद पसरून बसली होती. छापण्याआधी आपली नोंद बरोबर आहे ना, ते ती प्रत्येक घराला विचारी, आता बापाला विचारत असावी.

“या साहेब!” धाकटा ओरडला. त्याच्या मते हळूच बोलला तो. “आज इकडे कुठे सूर्य उगवला?”

साहेबांनी खिशातून चिठ्ठी काढून पुढे केली. रात्रभर बसून सुवाच्य अक्षरात लिहिली होती. सहा ओळी, शेवटी ‘क्षमस्व’.

धाकट्याने ती उलटसुलट केली. “चष्मा घरी आहे. तोंडाने बोल की. तोंडाला काय झालं?”

“मी आडनाव...” साहेब म्हणाले.

“काय?”

“आडनावाचं...”

“अरे पोटातून बोल! जेवत नाही का?”

समोरच्या दुकानातल्या कारागिराने हातोडी थांबवली. शेजारच्यानेही. काही वाईट हेतू नव्हता. साहेब काय बोलतात ते धाकट्याला कळावं म्हणून त्यांनी आवाज थांबवला. बहिऱ्यांच्या गल्लीतली ही जुनी सभ्यता. एकाचं बोलणं अडलं की बाकीचे हात आवरतात. पण त्यामुळे झालं असं की अख्खी गल्ली गप्प झाली आणि साहेब मध्ये उभे. जी गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती, ती आता बाजारात ओरडायची होती.

पुतणी उठून आली. “काका, मला सांगा, मी त्यांना खुणेने...”

“नको,” साहेब म्हणाले. आणि मग जो आवाज गळ्यातून निघाला तो त्यांच्या ओळखीचाच नव्हता. फाटका, उंच, अण्णांच्या आवाजासारखा.

“कचेरीची चूक नव्हती! मी बदललं! मीच! मला लाज वाटली म्हणून! अण्णांना मी खोटं सांगितलं!”

 समोरचा कारागीर भट्टीकडे बघू लागला, बघण्यासारखं तिथे काही नसताना.

धाकट्याने घागर दांड्यावरून उतरवली आणि हातोडी तिच्या शेजारी ठेवली. बराच वेळ तो हात पुसत बसला.

“चूक नव्हती,” तो म्हणाला. आणि नवल म्हणजे आता त्याचा आवाज अगदी हळू होता.

“नाही.” साहेबांनी मान हलवली.

“मग माझं काय?”

“तुझं काय?” साहेबांनी हातानेही विचारलं.

“तुला नाही माहीत. कसं माहीत असणार, तू तेव्हा शहरात. मला जहाजाच्या कारखान्यातून पत्र आलं होतं. फिटर म्हणून. त्यांनी हात बघितला होता माझा, पत्रा वाकवून दाखवला होता मी. पत्र आलं, मी नाचलो इथे, या जागेवर. अण्णा म्हणाले, जायचं नाही. म्हणाले, ही लोकं आत घेतात आणि पहिल्यांदा नाव खातात. थोरल्याचं खाल्लं, मी सात वेळा हात जोडले, परत दिलं नाही. दुसऱ्याचं मी खाऊ देणार नाही. पत्र त्यांनी भट्टीत टाकलं.”

त्याने भट्टीकडे बोट केलं. 

“मी चिडलो नाही रे त्यांच्यावर. म्हटलं, म्हातारा बरोबर बोलतोय. दादासारखा शिकलेला माणूस जिथे तोंड उघडू शकला नाही, तिथे माझा काय पाड लागणार? पन्नास वर्षं असंच म्हणत आलो. हिला पण सांगितलं.” त्याने पुतणीकडे हनुवटी केली. “हिच्या लग्नात वाजंत्री वाजली, ती मला ऐकू आली नाही. नात काय बोलते कळत नाही. तरी म्हटलं, असो, अण्णांनी वाचवलं.”

“मला ठाऊक नव्हतं,” साहेब म्हणाले. ते धाकट्याला ऐकू गेलं नाही, आणि पुन्हा ओरडून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंही. ठाऊक नव्हतं हे खरं. पण ठाऊक करून घ्यायला ते गल्लीत आलेच कुठे होते? सणावाराला यायचे, दारात चहा घ्यायचे, कपड्याला काजळी लागेल म्हणून आत बसायचे नाहीत.

पुतणीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हातात कागद होता. “बाबा, मग मी ती ओळ काढू?”

तिने बोटाने खोडल्यासारखं करून दाखवलं, तेव्हा त्याला कळलं.

“काढू नकोस. त्यात आजोबांनी सांगितलं म्हणून लिहिलंय ना, तेवढं खोड. आत्ताच्या आत्ता. माझ्या बापाच्या तोंडी खोटं नको. बाकी ज्याचं त्याला लिहू दे.”

तिने कंस खोडला, तांबडी रेघ दोनदा ओढली, आणि पेन साहेबांपुढे केलं. बाकावर जागा करून दिली. साहेब बसले. पँटला काजळी लागली. अडतीस वर्षं लोकांच्या अर्जांवर शेरे मारलेला माणूस, ‘कारण’ या शब्दापुढची दोन बोटं जागा बघत राहिला. मग ‘कचेरीची चूक’ यावर काट मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘लाज वाटली. घरी खोटे सांगितले.’

हात थांबला नाही. त्यांनी पुढे लिहायला घेतलं, ‘त्यामुळे धाकट्या भावाची...’

“ते काय लिहितोस?” धाकट्याने वाकून बघितलं. चष्मा नसला तरी ओळ लांबलेली त्याला दिसत होती.

“तुझ्या नोकरीचं!” साहेब ओरडले. आता त्यांना ओरडता येत होतं. “जगाला कळू दे माझ्यामुळे...”

“ते नाही लिहायचं.”

“अरे पण...”

“दादा, माझं माझं आहे. तुझ्या ओळीत ते नको. तिथे ते तुझं दुःख होऊन बसेल.”

साहेबांनी ते तीन शब्द खोडले. त्यांचं खोडणं नेहमी एका सरळ रेघेत असायचं, या वेळी कागद फाटला. पुतणी म्हणाली, राहू दे, मी दुसऱ्या प्रतीवर उतरून घेते.

धाकट्याने घागर पुन्हा दांड्यावर चढवली. अंगठा फिरवून शेवटचा ठोका कुठे पडला होता ते चाचपलं आणि त्याच्या शेजारचा मारला. समोरच्या दुकानाने सुरुवात केली, मग शेजारच्याने, मग गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांनी. साहेब अजून काहीतरी बोलत होते. ओठ हलत होते, पुतणीला ते दिसत होते, पण हाताच्या अंतरावर बसूनही त्या आवाजात तिला एक अक्षर कळलं नाही. धाकटा तर मान वर करून बघतही नव्हता.