पहिला डबा आयव्हीचा

"पाक उतरवलास की पातेलं थंड पाण्यात ठेव आणि प्रभूची प्रार्थना वीस वेळा म्हण. सावकाश. मगच शेंगदाण्याच्या लोण्यात ओत. आणि हे बघ सलोमा, पहिला डबा आयव्हीचा. तो चुकवू नकोस."

द्रुसिलाबाई, म्हणजे सलोमाच्या सासूबाई, हे बोलल्या तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. आवाज मात्र चुलीपुढे उभं राहून बोलल्यासारखा होता. सलोमानं "हो" म्हटलं. फेब्रुवारीत त्या गेल्या. आता मे लागला होता आणि उद्याच्या रविवारची उपासना सलोमाच्याच घरी होती.

आयव्ही ही द्रुसिलाबाईंची थोरली लेक. बाप्तिस्म्याच्या वेळी गुडघे टेकून दिलेला शब्द मोडून ती मोटार वर्ज्य मानणारी आपली मंडळी सोडून मोटारी चालवणाऱ्यांच्या मंडळीत गेली, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून ती वाळीत होती. तिच्या पंगतीला बसायचं नाही, तिच्या हातून काही घ्यायचं नाही. पण तिला द्यायला मनाई नव्हती. घरी उपासना असली की सासूबाई पंगतीसाठी केलेल्या या गोड लोण्याचा पहिला डबा भरत आणि लाकूड-गिरणीच्या रस्त्यानं स्वतः लेकीला नेऊन देत. कोणी काही बोललं नव्हतं. द्रुसिलाबाईंपुढे बोलणार कोण?

सलोमापुढे बोलणारं माणूस मात्र शनिवारी सकाळीच स्वयंपाकघरात हजर झालं: तिच्या नवऱ्याची, रोमनची, एल्वा आत्या. उपासनेची बाकं घरोघरी पोचवणारी गाडी अंगणात लागली होती, पुरुष कोठारात बाकं मांडत होते आणि आत्या लोणच्यातल्या बिटांच्या बरण्या पुसत होती.

सलोमानं तपकिरी साखरेचा पाक उतरवला, पातेलं थंड पाण्यात ठेवलं. शेजारी बादलीत शेंगदाण्याचं लोणी आणि मार्शमॅलोचा पांढरा, गोड, चिकट फेस तयार होता. एकशे ऐंशी माणसांच्या पावाला पुरेल इतका. डोळे मिटून ती मनातल्या मनात प्रार्थना म्हणू लागली.

"डबा जायचा नाही ना यंदा?" आत्या म्हणाली.

सलोमा मोजतच राहिली. नववी चालू होती.

"आईची माया वेगळी गं. तू कोण तिची? भावजय. लोक म्हणतील, सुनेला जरा जास्तच पुढे पुढे करायचंय."

अकरा झाल्या की बारा? "लोक म्हणजे तुम्हीच ना, आत्या?" असं म्हणून सलोमानं पातेलं उचललं आणि पाक बादलीत ओतला.

दहा वेळा ढवळलं आणि कळलं. फेस विरघळून गेला, लोणी घट्ट गोळा होऊन बसलं आणि वर तेलाचं तळं साचलं.

आत्या बादलीत डोकावली. "अगं बाई! हे काय, गाडीच्या चाकाला लावायचंय का?"

एवढं नवं सामान आणायला दुकान बग्गीनं दोन तासांवर, आणि शनिवारी ते दुपारीच बंद होई. हे लोणी वीस वर्षं आपल्या आईसोबत ढवळणारं या खोऱ्यात एकच माणूस होतं. सलोमानं बादलीवर झाकण ठेवलं आणि टोपीचे बंद बांधले.

"कुठं निघालीस?"

"ज्याला येतं त्याला विचारायला," सलोमा हळू आवाजात म्हणाली आणि घोडी जुंपायला गेली.

आयव्हीच्या अंगणात निळी मोटार उभी होती. घोडी तिला बिचकली. आयव्ही दारात आली, तिनं झाकण उचललं आणि हसायलाच लागली.

"गरम ओतलंस ना, वहिनी? मोजणी कुठं चुकली?"

"अकरावर. एल्वा आत्या बोलत होत्या."

"आत्यापुढे अकरापर्यंत पोचलीस? मी चारच्या पुढे कधी गेले नाही. आई मला बाहेर पाठवायची, जा गाईंपाशी उभी राहून म्हण म्हणून."

दोघी हसल्या. मग आयव्हीनं कोमट पाणी घेतलं आणि चमचा चमचा घालत, एकाच बाजूनं, न थांबता ढवळत राहिली. हळूहळू गोळा सैल पडला, तेल आत मुरलं. शेवटी तिनं आपल्याकडचा मार्शमॅलोचा फेस घातला. मधाच्या रंगाची, चमच्यावरून सावकाश ओघळणारी धार आता पडू लागली. सासूबाईंची धार अशीच पडे.

आयव्हीनं बादली उचलून पुढे केली. सलोमाचे हातही पुढे आले. तेवढ्यात आयव्ही थबकली, वळली आणि तिनं बादली दाराजवळच्या स्टुलावर ठेवली. दोन पावलं मागे झाली. सलोमानं ती स्टुलावरून उचलली.

"आईच्या वेळीही हेच स्टूल होतं," आयव्ही म्हणाली. मग नजर दुसरीकडे वळवून म्हणाली, "ती उद्या दुपारी आली असती. डबा घेऊन. सवय झालेली ना... तू मनावर घेऊ नकोस. आत्या आहे, लोक आहेत."

"डबा येईल, ताई. आईंना शब्द दिलाय."

घरी आल्यावर सलोमानं एक स्वच्छ डबा घेतला आणि बादलीतलं पहिलं लोणी त्यात भरलं. आत्या पाहत होती.

"तिच्या हातून घेतलंस?"

"नाही. त्यांनी स्टुलावर ठेवली, मी स्टुलावरून उचलली. रीत त्यांना ठाऊक आहे. मलाही."

"आणि विचारलं कोणी, कोणी निस्तरलं म्हणून?"

"नाव सांगेन. खोटं कशाला बोलू?"

आत्यानं उरलेल्या बरण्या जरा जोरातच पुसल्या. डबा खिडकीत राहिला. पडदा सारून तो झाकावा असं सलोमाला वाटलं नाही.

रविवारी उपासना तीन तास चालली. मग बाकं जोडून त्यांची टेबलं झाली, सगळ्यांनी माना खाली घालून मूक प्रार्थना केली आणि पाव, चीज, बीट, वाळल्या सफरचंदांचं सारण भरून भाजलेल्या पाई यांच्यामधून लोण्याचे वाडगे फिरू लागले. म्हाताऱ्या बिशपांनी तिसऱ्यांदा पावाला लोणी फासलं.

"द्रुसिलाच्या हातचं वाटतंय," ते म्हणाले.

"त्यांच्या लेकीच्या हातचं आहे," वाढता वाढता सलोमा म्हणाली. "माझ्याकडून बिघडलं होतं. आयव्हीताईंनी सावरलं."

टेबलावर फिरणारे वाडगे थांबले. बिशपांनी हातातल्या पावाकडे पाहिलं, आणि तो सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. "कॉफी आहे का अजून?" एवढंच त्यांनी विचारलं.

भांडी आटोपली. बायका पडवीत टेकल्या. सलोमानं एप्रन बदलला, काळी टोपी चढवली आणि खिडकीतला डबा उचलला. स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी होती. तिनं डब्याकडे पाहिलं, मग हात पुढे करून झाकण आणखी एक फेरा आवळलं.

"रस्त्यात खड्डे आहेत," ती म्हणाली. "सांडशील."

"चालत जाते, आत्या."

कोठाराच्या मागून, गाईंच्या कुंपणाच्या कडेकडेनं, सलोमा गिरणीच्या रस्त्याला लागली. ओठ हलत होते. विसांतली पहिली प्रार्थना संपून दुसरी सुरू झाली होती.