दहा मिनिटांची अट

माझ्या प्रोग्रामने काकूंना कामचुकार ठरवलं, हे मला नोटीस बोर्डावर वाचून कळलं. डोक्यात तिडीक गेली.

आमच्या हॉस्पिटलच्या डेटाबेसला, म्हणजे पेशंटची सगळी माहिती साठवणाऱ्या यंत्रणेला, एका वेळी दोनशेच कनेक्शन झेपतात. ती भरली की पेशंट दाखल करून घेणं अडायचं आणि माझा फोन ठणाणा करायचा. मग मी एकेक कनेक्शन बघून हाताने तोडायचे. त्या कटकटीला कंटाळून मी वेब एपीआय, म्हणजे मध्ये उभा राहून ये-जा सांभाळणारा प्रोग्राम, लिहिला. मागेल त्याला कनेक्शन द्यायचं, दहा मिनिटं गप्प राहिलेलं तोडायचं, सगळं आपोआप. कोणाचं किती वेळा तुटलं याची यादी दर आठवड्याला साहेबांकडे जायची. साहेबांनी तिच्यावर ‘कामाशिवाय बसणारे’ असा मथळा ठोकला आणि बोर्डावर लावली. पहिलं नाव काकूंचं. त्यांच्या पुढच्या वर्षाच्या करारावर त्याच दिवशी सही व्हायची होती.

काकू खालच्या मजल्यावर रेकॉर्ड विभागात डॉक्टरांनी लिहिलेले कागद वाचून कॉम्प्युटरवर चढवतात. ते अक्षर म्हणजे शाईत बुडवून सोडलेल्या मुंग्या. मी खाली गेले तेव्हा त्या एक कागद खिडकीच्या उजेडात धरून बसल्या होत्या.

“औषध अडीच लिहिलंय की पंचवीस, कळेना. वॉर्डात विचारलंय, बघून सांगतात.”

तेवढ्यात कनेक्शन तुटलं. टाइप केलेलं अर्धं पान गेलं. काकूंनी चष्मा सारखा केला आणि पहिल्यापासून सुरू केलं.

“असं रोज होतं? मला सांगायचं नाही का?”

“तुझं नवीन काम आहे. म्हटलं, होईल हळूहळू नीट.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंचा हात धरला आणि तशीच तावातावाने साहेबांसमोर जाऊन उभी राहिले.

“आकडे खोटं बोलत नाहीत,” साहेब म्हणाले.

“आकडे मी काढलेत, साहेब. कनेक्शन गप्प होतं, माणूस कामातच होता. मथळा तुमचा आहे.”

“बरं बाई, काकूंना सवलत दे. यादीतून नाव काढ, मी सही करतो. मिटलं!”

मला हायसं वाटलं. पण काकू जागच्या हलल्या नाहीत.

“सवलत नको. नाव राहू दे. वरचा मथळा तेवढा खोडा. जिथे लावलंय तिथेच, सगळ्यांसमोर.”

“ते जमणार नाही.”

“मग मलाही जमणार नाही. नको तुमची सही.”

मी बाहेर येऊन लाल पेनने मथळा खोडला. तासाभरात साहेबांनी त्याच मथळ्याची नवी प्रत लावली.

काकूंचा करार वाढला नाही. माझा वाढला, कारण तो प्रोग्राम माझ्याशिवाय कोणाला हाकता येत नाही. लोक समजूत घालतात, यात तुझी काय चूक? माझीच आहे! पाच नाही, वीस नाही, दहाच मिनिटं, हे मी खाली जाऊन एकदाही न बघता, वर बसून चहा पिता पिता ठरवलं होतं.